बाबांनी न ठेवलेली मिशी

बुलढाण्याच्या कलाप्रदर्शनात सुचिता स्वतःच कलाकृती होऊन खुर्चीवर बसली होती. कमरेला बाबांचं धोतर, डोक्यावर त्यांची टोपी, ओठावर डिंकानं चिकटवलेली मिशी. दिवसभर हलायचं नाही, बोलायचं नाही, हा तिचाच नियम. गावच्या दंडारीत, पुरुषांनीच बायका व्हायच्या त्या लोकनाट्यात, बाबा तीस वर्षं लुगडं नेसून नाचले, त्यापायी त्यांनी कधी मिशी ठेवली नाही. तेव्हा शिट्ट्या मारणारं गाव आज चिडून प्रदर्शनाच्या दारात उभं होतं. "पुंजाजी, तुह्या पोरीची मिशी काढ, नाहीतर आम्ही काढतो," म्हातारा सरपंच म्हणाला. बाबा पुढे आले. त्यांचा हात ओठाशी आला तरी सुचितानं पापणीही लवू दिली नाही. त्यांनी अंगठ्यानं मिशी दाबली. "डिंक कमी पडला, बाई. कोपरा सुटून राह्यला." मग खांद्यावरचा दुपट्टा पदरासारखा डोक्यावर घेऊन ते शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसले. "सरपंच, मार आता शिट्टी."