तिसरी फेज

नरीन शहराच्या थंडीत झार्किनचा हीटर रोज दुपारी बंद पडायचा. तान्ह्या लेकाला खांद्यावर निजवून तिने अखेर सूरोनबाय वायरमनला जिन्यातल्या पॅनेलपाशी आणलं.

"पाहिलंस पोरी? पहिल्या फेजची वीज कधी जात नाही, म्हणून सगळ्या बिऱ्हाडांनी गुपचूप तारा तिच्यावरच ओढल्यात. एकेक शहाणा! भार वाढला की स्विच आपोआप खाली पडतो, म्हणून तुझा हीटर बंद." तो हसला. "तुला तिसरीवर टाकतो. ती रिकामीच आहे."

त्याने तिसरीच्या तारेला मीटरचा चिमटा लावला आणि त्याचं हसू मावळलं. मीटरने बारा अँपिअर दाखवले. मग चार. मग पुन्हा बारा.

"काका, रिकामी ना?"

"तिसरीवर एकच स्विच वर, म्हणजे चालू आहे गं. आणि त्याला तर तारच जोडलेली नाही."

आकडा संथपणे चढत होता, उतरत होता. झार्किनच्या मानेवर लेकाचा श्वास येत होता, जात होता. आकड्याबरोबरच.

"थांबा, काका!"

तोवर त्याने स्विच पाडला होता. मानेवरची ऊब थांबली.

झार्किनने झडप घालून स्विच वर केला. लेकाने हुंदका देत श्वास घेतला. तिने बोट काढलंच नाही.

वरच्या जिन्यातून बूबूसारा आजी ओरडली, "तिसरी रिकामी आहे होय? मी माझी तार फिरवली हं तिच्यावर! आता किटली लावते."

झार्किनच्या बोटाखाली स्विच तापला, आणि हळूहळू खाली जोर लावू लागला.