पहिली बादली

“रंग विहिरीत उतरला तर दोष विहिरीचा. नाही उतरला तर माझ्या हाताचा. असंच ना, बाई?” म्हातारीने विचारलं.

ओव्हरसियर बाईंनी मान डोलावली. इतक्या सरळ शब्दांत हे सांगायचा धीर त्यांना झाला नसता. बेटावर संडास बांधायचं काम त्यांच्या देखरेखीखाली चाललं होतं. नवे खड्डे खणण्याआधी जुन्यांची परीक्षा घ्यायची, ही त्यांची पद्धत. जुन्या खड्ड्यात हिरवा रंग ओतायचा आणि जवळच्या विहिरीवर नजर ठेवायची. विहिरीचं पाणी हिरवं झालं की समजायचं, खड्ड्यातली घाण तिकडे झिरपते आहे.

या घरात मात्र परीक्षा म्हातारीने स्वतःहून मागून घेतली होती. मागच्या वर्षी तिची नात जुलाबांनी गेली. बोट येईपर्यंत पोरीने दम धरला नाही. आदल्या दिवशी तिला पाणी आजीने पाजलं होतं. हात न धुताच माठात तांब्या बुडवला, असं सून म्हणायची. तेव्हापासून तिने सासूच्या हातचं पाणी घेतलं नव्हतं. एका छपराखाली दोन माठ भरले जायचे.

हात धुतले होते की नाही, हे खुद्द म्हातारीलाही आता खात्रीने आठवत नव्हतं. तिला त्याचंच जास्त वाईट वाटायचं.

म्हातारीच्या मुलाने खड्ड्याचं झाकण उचललं. “ओता, बाई. विहिरीपासून अंतर कमी आहे, कबूल. पण मधे सलग कातळ आहे. थेंब जायचा नाही.”

तो संडास त्याने स्वतःच्या हातांनी बांधला होता. बेटावरचा पहिलाच. पोरीला अंधारात खडकांवर जावं लागू नये म्हणून. दारावर तिच्यासाठी मासाही रंगवला होता आणि त्याला एकाच बाजूला दोन डोळे काढून बसला होता. पोर त्यावरून त्याला भारी चिडवायची. “बापाने तिच्यासाठी एवढं तरी केलं,” तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. हल्ली तो दुसरं काही फारसं बोलत नसे.

बाईंनी रंग ओतला. मग एका काचेच्या बाटलीच्या गळ्याला नवी पांढरी दोरी बांधून ती म्हातारीच्या हातात दिली.

“पहाटे पहिली बादली तुम्हीच काढता ना, आजी? त्याआधी ही विहिरीत सोडून पाणी बघत जा. मोठ्या भरतीला जमिनीखालचं पाणी वर चढतं. तेव्हा खास लक्ष ठेवा. आणि तोवर सगळ्यांनी उकळलेलंच पाणी प्यायचं.”

“डोळ्यांत तेल घालून बघते,” म्हातारी म्हणाली आणि चक्क हसली.

बाई पुढच्या बेटावरच्या कामाला गेल्या. मोठी भरती सरल्यावर त्या परत आल्या, तर या घराच्या अंगणात घोटाभर चिखल.

“आमच्या आईंना विचारा,” सून म्हणाली. “काल पहाटेपासून विहीर उपसून झाडांना घालत होत्या. तळ दिसला तेव्हा थांबल्या. आता विहिरीवर फळी टाकून ठेवलीय आणि टेकडीवरच्या टाकीतून पाणी वाहताहेत. चळ लागलाय नुसता.”

तेवढ्यात म्हातारी दोन भरलेल्या बादल्या घेऊन टेकडी उतरून आली.

“रंग?” बाईंनी विचारलं.

“नाही आला.” तिने बादल्या खाली ठेवल्या. “भरतीलासुद्धा नाही. पाणी स्वच्छ होतं.”

मग सून म्हणाली, “म्हणजे विहीर चांगली होती.”

“हो,” म्हातारी म्हणाली. “विहीर चांगली होती.”

सून आत गेली. तिने दार आपटलं नाही, हलकेच लावून घेतलं. मुलगा दारावरच्या माशाकडे बघत होता. “मी म्हटलं होतं, कातळ आहे,” तो पुटपुटला. बाईंना म्हातारीची फार कीव आली.

“बाई, एक काम करा,” म्हातारी म्हणाली. “हा संडास पाडा आणि खड्डा बुजवून टाका. नवा तिकडे लांब, उताराला बांधा. पुढच्या मोठ्या भरतीच्या आत.”

“पण कशासाठी? याच्यात काही दोष नाही निघाला.”

“पायऱ्या उंच आहेत. माझे गुडघे धरतात.”

सून तरातरा बाहेर आली. “गुडघ्यांसाठी? पोरीची तेवढीच आठवण राहिलीय यांच्याकडे. आई, तुम्हाला मन आहे की नाही?”

“दार काढून नव्याला लावा,” म्हातारी म्हणाली. “मासा राहील.”

मुलाने आईकडे पाहिलं. “पाडा, बाई,” तो म्हणाला. “ती म्हणतेय तर पाडा.” आणि तो समुद्राकडे निघून गेला.

बाईंचं डोकं फिरलं. टेकडीवरून बादल्या आणताना गुडघे बरे दुखत नाहीत. पण अंतर नियमापेक्षा कमी होतंच, त्यामुळे नाही म्हणता येईना. त्यांनी गवंड्याला नवी जागा आखून दिली आणि निघताना राहवलं नाही म्हणून बोलल्याच, “तुम्हाला फक्त तुमची सोय दिसते, आजी.”

“वय झालं, बाई,” म्हातारी म्हणाली आणि बाटली त्यांच्या हातात दिली. बाटली घासूनपुसून लख्ख केलेली होती. दोरीही साबणाने धुऊन गळ्याभोवती नीट गुंडाळली होती.

बोट सुटली. पुढच्या घराला देण्याआधी बाटलीला नवी दोरी लावावी म्हणून बाई जुनी सोडायला बसल्या. गाठ भिजून घट्ट बसली होती. त्यांनी ती नखाने हळूहळू उकलली. आतून दोरी हिरवीगार होती.