दोन्ही कार्डं साहेबांकडे

“दोन तास लिहिलंय आणि फिरवतात एक तास पन्नास मिनिटं. ही शुद्ध फसवणूक आहे. उद्याच्या सहलीतून आमची दोघांची नावं काढा!” साहेबांनी सहलींच्या काउंटरवर बोट आपटलं.

बाई त्यांच्या मागे उभ्या होत्या. उद्याच्या सहलीचं पत्रक त्यांनी जहाजावर आल्यापासून पुस्तकात जपून ठेवलं होतं. काचेच्या तळाची होडी, आणि खाली प्रवाळ. चौतीस वर्षं बाईंनी शाळेत भूगोल शिकवला. फळ्यावर रंगीत खडूने प्रवाळाची बेटं काढली. दरवर्षी पुढच्या बाकावरचं कुणीतरी विचारायचंच, “बाई, तुम्ही पाहिलंय हे?”

“अहो, दहा मिनिटांचं काय एवढं? मला बघायचंय ते,” बाई म्हणाल्या.

“दहा-दहा मिनिटं करूनच लोकांना लुटतात. तुला त्यातलं कळत नाही.”

काउंटरवरच्या मुलीने दोन नावांवर काट मारली. “विचार बदलला तर आज रात्री आठपर्यंत यादी उघडी आहे,” ती म्हणाली. बोलताना ती बाईंकडे बघत होती.

साहेब वजनमापे निरीक्षक होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी खोड गेली नव्हती. खिशात मोजपट्टी आणि छोटा स्प्रिंगचा काटा घेऊन ते सुट्टीवर आले होते. पहिल्या बंदरावर टोप्या विकणाऱ्याशी त्यांचं वाजलं आणि त्यात गरम पाण्याचे झरे हुकले. दुसऱ्या बंदरावर बसमधली सीट जाहिरातीपेक्षा दोन इंच अरुंद निघाली. साहेबांनी ती सगळ्यांदेखत मोजली आणि बाईंना खाली उतरवलं. बस ज्वालामुखी बघायला गेली. हे दोघं धक्क्यावर भर उन्हात तक्रार अर्ज लिहीत बसले. बायकोला जग दाखवायला न्यायचं आणि नुसते अर्ज दाखवून परत आणायचं, याला काय म्हणावं?

जहाजावरून उतरताना आणि परत चढताना प्रत्येकाने आपलं कार्ड यंत्राला लावायचं असे. टुंग वाजलं की पडद्यावर फोटो येई. बाईंचं कार्ड मात्र साहेबांच्या गळ्यातल्या पिशवीत, कारण काय, तर “ती हरवते.” चौतीस वर्षांत बाईंनी एक उत्तरपत्रिका हरवली नव्हती. त्यांचे गुडघे दुखत, त्यामुळे शिडी चढायला वेळ लागे. साहेब तरातरा पुढे जायचे, दोन्ही कार्डं लावायचे आणि म्हणायचे, “मागून येतेय ती.”

पहिल्याच दिवशी गार्डने त्यांना अडवलं होतं. “ज्याचं कार्ड त्यानेच लावायचं, साहेब. सगळी कार्डं वाजली की जहाज सुटतं. उगाच कुणी खाली राहायला नको.”

“तू मला नियम शिकवतोस? मी सरकारी अधिकारी होतो!”

दोन पानी तक्रार थेट वरच्या अधिकाऱ्याकडे गेली. त्याला कटकट मिटवायची होती. त्याने गार्डलाच चार शब्द सुनावले. बिचाऱ्याचं काय चुकलं होतं? तेव्हापासून साहेबांची ती पिशवी दिसली की गार्ड मान खाली घालायचा. पडद्याकडे बघायचासुद्धा नाही.

तिसऱ्या बंदरावर एक नवीन लग्न झालेलं जोडपं उशिरा आलं आणि जहाज दहा मिनिटं थांबलं. साहेबांनी लगेच अर्ज केला. जेवणाच्या टेबलावर त्यांनी तो बाईंना मोठ्याने वाचूनही दाखवला. “ज्यांना वेळ पाळता येत नाही त्यांना खुशाल खाली सोडून जावं. एकदा राहिले की जन्मभर लक्षात ठेवतील.”

आजचं चौथं बंदर. साडेचारपर्यंत सगळ्यांनी परतायचं आणि पाचला जहाज सुटणार. धक्क्यामागच्या बाजारात साहेबांनी बदाम घेतले, बाहेर येऊन पुडी काट्याला लटकवली आणि त्यांचा चेहरा उजळला. “वीस ग्रॅम कमी! सोडत नाही आता त्याला.”

त्यांनी गळ्यातली पिशवी काढून बाईंच्या गळ्यात अडकवली. “गर्दीत खिसेकापू असतात. फोन, कार्डं, सगळं आहे यात. हरवलीस तर बघ. या बाकावरून हलायचं नाही.”

बाई बाकावर बसून राहिल्या. समोरून लोक वाळूने भरलेले पाय झटकत, हसत जहाजाकडे परतत होते. सव्वाचार झाले तशा त्या उठल्या आणि बाजारात शिरल्या. साहेबांनी दुकानदाराचा तराजू उलटा केला होता. भोवती चार दुकानदार गोळा झाले होते.

“अहो, चला आता. पंधरा मिनिटं उरलीत.”

“तुला हलू नको म्हटलं होतं ना? जा तू पुढे. माझं कार्ड वाजल्याशिवाय जहाज हलत नाही. थांबू देत त्यांना.”

“बरं.” बाई जरा घुटमळल्या. “उद्याचं आपलं नाव परत घालू या का? मला खरंच बघायचंय हो.”

साहेबांनी वर पाहिलंसुद्धा नाही. “एकदा काढलं ना? विषय संपला.”

बाई एकेक पायरी चढत वर आल्या. मध्ये दोनदा थांबल्या. गळ्यातली पिशवी दिसताच गार्डने मान खाली घातली.

बाईंनी यंत्राला कार्ड लावलं. टुंग.

मग त्यांनी पिशवीत परत हात घातला. टुंग.

“मागून येताहेत,” बाई म्हणाल्या.