तिचं कपाळ

माझी बायको ओफेलिया कोरोनात गेली, त्याच्या आदल्या दुपारी कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोच्या इस्पितळातून नर्सने व्हिडिओ कॉल लावून दिला. “म्हाताऱ्या, जेवलास का?” “मक्याच्या तोर्तिया भाजायला घेतल्या, त्या जाळल्या. तुझ्या टोमॅटोंना फुलं आलीत बघ.” “टोमॅटो राहू देत. आता घशात नळी घालणार आहेत. मला आशीर्वाद दे.” आम्हा मेक्सिकन लोकांत कुणी लांब निघालं की घरी राहणारा त्याच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढतो. तिने कपाळ फोनजवळ आणलं. मला फक्त काचेवर अंगठा फिरवायचा होता. पण फिरवला असता, तर ती निघाली हे कबूल केल्यासारखं झालं असतं. “कुठं निघालीस गं? कोंबड्या परत अंडी द्यायला लागल्यात!” ती कपाळ तसंच धरून थांबली. मी बोलतच राहिलो. शेवटी नर्सनेच हातमोज्यातल्या अंगठ्याने तिच्या कपाळावर क्रूस काढला. “येते हं,” ओफेलिया म्हणाली, माझ्याकडे न बघता, नर्सकडे बघून.