हेमंतचा रॉड

हेमंतच्या हवाईयन गिटारची सगळी जादू तारांवरून फिरणाऱ्या त्या पोलादी रॉडचीच, असं त्याच्याच बँडमधल्या देवजीने जळत जळत मनाशी पक्कं केलं होतं. धसई गावातल्या एका हळदीत त्याने तो रॉड गुपचूप खिशात घातला.

हेमंतने थोडी शोधाशोध केली. मग बॅटरीतला सेल काढला, गिटार मांडीवर आडवी घेतली आणि तो सेल तारांवरून असा फिरवला, की नवरीच्या आईने डोळ्यांना पदर लावला.

देवजीला राहवलं नाही. "सेलवर वाजवायचं कुठं शिकलास रे?"

"असं काय करता, काका? शिकायला बसलो तवा माझ्याकडं रॉड कुठं होता? तुमीच नाय का तुमच्या बॅटरीतला सेल काढून दिलात!"