पाहुण्याची चाल

ओस्निएल झोकांड्या खात गल्लीत शिरला आणि ओट्यावर बसलेला एवेलियो पुढे झुकून बघू लागला. लेकीनं पसंत केलेला हा पोरगा आज पहिल्यांदाच घरी येत होता.

पाय फाकलेले, एक हात कुंपणावर, दुसऱ्या हातातला केकचा खोका कलंडलेला. ही चाल एवेलियोच्या चांगली ओळखीची. त्याचे वडील असेच चालत, थोरला भाऊ असाच चालायचा, आणि गेली काही वर्षं तो स्वतःही. तोल घालवणाऱ्या, लहान मेंदूच्या या आजाराचं क्युबातल्या या होल्गिनमध्ये कुणाला नवल नव्हतं, घरोघरी तो होता. आईबापांकडून तो पोरांत उतरतो. लेकीला, मिलेदिसला, तो होईल की नाही हे अजून ठाऊक नव्हतं. त्यात जावईही तसाच मिळाला, तर नातवंडांना दोन्हीकडून धोका.

"नेरेइदा, बघ गं," तो बायकोला म्हणाला. आजारानं आधीच जड झालेली जीभ आणखी अडखळली.

नेरेइदानं बघितलं आणि कपाळाला हात लावला.

पोरगा फाटकापाशी थांबला. "नमस्कार, काका. मी मिलेदिसचा..."

"ते राहू दे. आधी बोट नाकाला लाव!"

ओस्निएल हवानाचा; डॉक्टर या आजारासाठी घेतात ती ही परीक्षा त्याला कुठली ठाऊक! इकडची रीत असेल असं समजून त्यानं बोट उचललं. ते थेट डोळ्यात गेलं.

"तुमच्या घरात कोणाला आहे रे हे?" नेरेइदाचा आवाज रडवेला झाला.

"काय, काकू?"

"हे असं डुलणं!"

ओस्निएलनं विचार केला. "मामा डुलतो. पण फक्त शनिवारी."

एवेलियो चमकला. खांब धरत, कठडा धरत तो फाटकापर्यंत गेला आणि पोराच्या तोंडाशी नाक नेलं. रमचा सणसणीत भपकारा आला.

"अगं, प्यायलाय! टुन्न आहे नुसता!"

"धीर यावा म्हणून... दोनच घोट, काका."

"दोन? बाटली ढोसलीयस, गाढवा!" म्हणत नेरेइदानं त्याचे गाल धरून मुके घेतले. एरवी दारुड्याला उंबऱ्याच्या आत न घेणारी बाई ती! शेजारीण कुंपणावरून डोकावली, तर तिलाही आनंदानं ओरडून सांगितलं, "प्यायलाय गं!" शेजारणीनं टाळ्या पिटल्या.

गलका ऐकून मिलेदिस धावत बाहेर आली. बाप आणि ओस्निएल एकमेकांच्या गळ्यात हात टाकून डुलत उभे होते. हसून हसून बापाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"पहिल्याच दिवशी पिऊन आलास? लाज नाही वाटत?"

"ओरडू नकोस गं त्याला," एवेलियो म्हणाला. "सकाळपर्यंत नीट चालायला लागेल तो."