चार बाटल्या हीम

नागपूरच्या मोठ्या रुग्णालयातून फोन आला, तेव्हा जयश्री आत्राम भामरागडच्या आरोग्य केंद्रात यीस्टचं पात्र तपासत होती. हे यीस्ट रक्तातलं लाल द्रव्य, हीम, तयार करायचं.

“पोर्फिरियाची रुग्ण आहे. पोटात असह्य कळा येतायत, हातपाय लुळे पडलेत,” डॉक्टर म्हणाले. “परदेशातून हीम यायला आठवडा लागेल. तुमच्याकडे आहे?”

शरीरात हीम नीट न बनण्याचा हाच आजार जयश्रीलाही होता. स्वतःसाठी राखलेल्या चारही बाटल्या तिने ड्रोनवर चढवल्या.

“शिरेतून सावकाश द्या. आणि तिला उपाशी ठेवू नका, उपासाने हा आजार बळावतो,” तिने बजावलं.

पाचव्या दिवशी डॉक्टरांचा पुन्हा फोन आला. “बोटं हलली तिची! औषध कुठलं, विचारतेय.”

“आमच्या भामरागडचं, म्हणावं,” जयश्री म्हणाली.